डोक्यावर काही नसलेलं बेट

१

रोज सकाळी सहाच्या बॅचला निघण्याआधी शिवशंकर अंगणातल्या पत्र्याच्या शेडपाशी थांबायचा, पोत्याचा पडदा बाजूला करायचा आणि आत झोपलेल्या सिंधूच्या उशाशी चहाचा कप झाकून ठेवायचा. आठ वर्षांत यात खंड पडला नव्हता. शेडवर एकच पत्रा होता, चार बांबूंवर नुसता टेकवलेला. पडला तर टेंगूळ येईल, माणूस मरणार नाही, असा विचार करून सिंधूनंच तो तसा बसवून घेतला होता.

शेडच्या मागं त्यांचं तीन मजली घर होतं. लातुरात शिकवण्यांना बरकत आली, बारा पोरांची बॅच दोनशेवर गेली आणि रसायनशास्त्राच्या शिवशंकर सरांनी हे घर बांधलं. वरच्या मजल्यांवर लोहा, कंधार, देगलूरकडून शिकायला आलेली पोरं राहायची; खालच्या चार खोल्या नवराबायकोसाठी. इंजिनिअरनं सांगितली त्याच्या दीडपट सळई घातली होती, ती सिंधूसाठीच. पण सिंधू स्लॅबखाली यायची ती स्वयंपाकापुरती, तीही दार उघडं ठेवून. काम झालं की छताकडं एकदा बघायची आणि बाहेर पडायची.

तिचं माहेर निलंग्याच्या रस्त्याला. काळ्या दगडाच्या रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद. आठ वर्षांपूर्वीच्या भूकंपात ते माळवद खाली आलं आणि अप्पा, अव्वा, भाऊ गुंडप्पा, शाळेत जाणारी धाकटी बहीण पंचफुला, चौघंही त्याखाली गेले. त्या आठवड्यात सिंधूही तिथंच असायची. गणपती बघायला माहेरी जाते म्हणाली होती, पिशवीही भरली होती, आणि शिवशंकरनं तिला अडवलं होतं. तेव्हा बॅचमधली बाराही पोरं त्यांच्याच घरी जेवायची. परीक्षा तोंडावर आलीय, पोरांच्या भाकरीचं कोण बघणार, असं तो म्हणाला होता. त्या एका वाक्यानं ती वाचली. त्यानंतर तो विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही.

क्लासखाली नबीलचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्याच दुकानात तो सहलींची तिकिटंही काढून द्यायचा. दिवाळी महिनाभरावर आली होती तेव्हाची गोष्ट. नोट्सच्या प्रती घ्यायला गेलेल्या शिवशंकरला काउंटरच्या काचेखाली एक रंगीत पत्रक दिसलं. पांढरीशुभ्र वाळू, तिच्याभोवती निळं पाणी, आणि बाकी काहीच नाही.

"हे कुठलं रे?"

"कोचीहून जहाजानं जायचं सर, मग होडीनं. वस्ती न्हाई, हॉटेल न्हाई. एक माणूस वाळूवर तंबू ठोकून देतो. नको असला तर तोबी न्हाई," नबील म्हणाला. "कुणी जात न्हाई तिकडं. चांगलं दिसतंय म्हणून मी उगं लावून ठेवलंय."

शिवशंकरनं ते पत्रक मागून घेतलं. घरी सिंधूनं पदराला हात पुसले आणि अंगणातल्या उजेडात ते डोळ्यांजवळ धरलं.

"एकबी घर न्हाई?"

"नाही."

"दगड?"

"नुसती वाळू."

"आन् डोक्यावर?"

"आभाळ."

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "जाऊ."

२

दुपारी दोन ते चार शिवशंकरला बॅच नसायची. वरची पोरं अभ्यासाला किंवा झोपेला लागलेली असायची, गल्लीत चिटपाखरू नसायचं, आणि ऊन अंगणातून सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत यायचं. त्या दोन तासांत त्यांची सहल ठरायची.

त्या बेटांवर जायला सरकारी परवाना लागायचा, त्याचे अर्ज भरायचे होते. नकाशा बघायचा होता. नकाशाचं मोठं पुस्तक पुढच्या खोलीत होतं, म्हणून सिंधू पहिल्या दिवशी दारात बसली, दुसऱ्या दिवशी आत. तिसऱ्या दिवशी ती पंख्याखाली फरशीवर पाय पसरून बसली होती आणि दार वाऱ्यानं लागलं तरी तिचं लक्ष नव्हतं. शिवशंकरनं श्वाससुद्धा जपून घेतला. आठ वर्षं डॉक्टर झाले, नवस झाले, आणि एका कागदावरच्या वाळूनं तिला घरात आणलं होतं.

काय न्यायचं ते ती सांगायची आणि तो लिहायचा. शेंगाची चटणी. कडक भाकरी, आठ दिवस टिकतील अशा. दोन चादरी. मग ती डोळे मिटून बोलायची, आणि तिचा आवाज लहान मुलीला गोष्ट सांगावी तसा संथ व्हायचा.

"सकाळी पाणी लांब जातं. मग वाळू सारवल्यासारखी दिसती. दुपारी लिंबाखाली झोपायचं. सावली बक्कळ पडते."

"अगं, समुद्रात कुठला कडुलिंब? नारळ असतील फार तर."

"एक हाय. मावळतीच्या अंगाला," ती म्हणाली. "तिकडूनच वारा येतो."

शेजारणीच्या घराची वाट सांगावी इतक्या सहज ती बोलली. शिवशंकर हसला. पत्रकात झाड नव्हतं. पण बायको इतक्या वर्षांनी स्वप्न बघत होती, आणि स्वप्नात एक झाड तिला हवं असेल तर असू दे, असं त्याला वाटलं.

त्या दुपारी बोलता बोलता तिला तिथंच झोप लागली, स्लॅबखाली, एका कुशीवर, हात गालाखाली घेऊन. चारच्या बॅचला शिवशंकर पंधरा मिनिटं उशिरा गेला.

३

तंबूवाल्या माणसाशी एकदा बोलून घ्या, असं नबील म्हणाला. तो माणूस शेजारच्या मोठ्या बेटावर राहायचा, आणि तिथं फोन होता. एका दुपारी दुकानात कुणी नसताना नबीलनं नंबर लावून दिला.

फोनमध्ये लांबवर काहीतरी घासल्यासारखं वाजत होतं. लाटा असाव्यात. जात्यावर दळण चाललं असावं तसा तो आवाज होता. पण समुद्राचा आवाज शिवशंकरनं पूर्वी ऐकला होता कुठं? माणूस मोडक्या हिंदीत बोलत होता आणि सभ्य होता. पिण्याचं पाणी होडीतून आणतो म्हणाला. सापकिरडू नाही म्हणाला. होडी तुम्हाला सोडून परत येईल, चौथ्या दिवशी न्यायला येईल, एवढंच लक्षात ठेवा म्हणाला.

"सावलीला काही आहे का?" शिवशंकरनं विचारलं. "एखादं झाड?"

"एक आहे."

"नारळाचं?"

"नाही, नारळ तिथं धरत नाही. हे कुणी लावलेलं नाही. सात-आठ वर्षांपूर्वी आपोआप उगवलं आणि एवढं मोठं झालं. आमच्याकडं या झाडाला नाव नाही. पानं फार कडू आहेत."

"कोणत्या बाजूला आहे?"

"पश्चिमेला," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तुमच्या घरचं कुणी आधी येऊन गेलंय का साहेब?"

"नाही. का?"

"काही नाही. वाटलं."

फोन ठेवल्यावर शिवशंकर स्टुलावर बसून राहिला. नबीलनं चहा मागवला. पक्ष्यांच्या पोटातून बिया कुठंही जातात, हे नववीतल्या पोरालाही माहीत असतं. जहाजावरच्या एखाद्या माणसानं दात घासायला नेलेली काडी रुजली असेल. आणि दिशा चारच असतात. चारातली एक बरोबर येण्यात नवल ते काय? यातलं एकेक कारण पुरेसं होतं. सगळी एकत्र धरली तेव्हा मात्र ती त्याला कमी वाटली.

"काय म्हणला सर?" नबीलनं विचारलं.

"जागा चांगली आहे म्हणाला."

४

दोन दिवसांनी शेडमधली सिंधूची गोधडी झटकताना त्याच्या हातावर वाळू पडली.

चिमूटभरच होती. लातूरच्या काळ्या मातीत असं काही सापडत नाही. मांजरा नदीची वाळू भुरकट असते, बांधकामावर येते तीही तशीच. ही दुधासारखी पांढरी होती. त्यानं ती वहीच्या कागदात पुडी बांधून खिशात घातली, आणि चारच्या बॅचच्या आधी क्लासच्या मागच्या खोलीत, जिथं पोरांना प्रात्यक्षिकं दाखवायला थोड्या बाटल्या मांडलेल्या होत्या, तिथं दार लावून घेतलं.

परीक्षानळीत वाळू टाकली. वरून पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचे चार थेंब.

वाळू फसफसली. बुडबुडे वर आले, नळी थोडी गरम झाली, आणि बघता बघता सगळी वाळू विरून गेली. तळाशी कणसुद्धा राहिला नाही. नदीची वाळू ॲसिडमध्ये ढिम्म हलत नाही, हे तो दरवर्षी दोनशे पोरांना शिकवायचा. विरते ती शिंपल्यांची. समुद्राची.

कोंबड्यांच्या खाद्यात शिंपल्यांचा चुरा घालतात, हे त्याला आठवलं. पलीकडच्या गल्लीत कोंबड्या होत्या. तो बराच वेळ त्या कोंबड्यांना धरून बसला. पण पुडीत अजून दोन-चार कण होते, आणि ते भिंगातून बघितले तेव्हा त्यांना एकही कड नव्हती. फोडलेला शिंपला टोकदार असतो. हे कण पाण्यानं वर्षानुवर्षं घोळवलेले होते.

दाराबाहेर पोरं येऊन बसल्याचा आवाज आला. त्यानं नळी तीनदा धुतली.

संध्याकाळी सिंधू भाकरी थापत होती. दार लावलेलं होतं; आता तिला दाराचं काही वाटत नव्हतं. तिचा चेहरा भरला होता. रंगही उजळला होता.

"सिंधू," तो म्हणाला, "मी सकाळी क्लासला गेलो की तू कुठं जातेस का?"

"हाव," ती म्हणाली. "गावाकडं."

"कोणत्या गावाकडं?"

"आमच्या. निलंग्याची यष्टी हाय साडेसातला. दुपारच्या आत परत येते."

भूकंपानंतर सरकारनं नवं गाव लांब माळावर वसवलं होतं. जुन्या गावात दगडांच्या ढिगाऱ्याशिवाय काही उरलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत सिंधूनं त्या रस्त्याकडं तोंडही केलं नव्हतं.

"तिथं काय करतेस?"

"तयारी करायलेय," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. "तुम्हाला यायचं तर चला की. ऐतवारी तुम्हाला बॅच नसती."

५

रविवारी ते स्कूटरवरून गेले. निलंग्याच्या रस्त्याला ऊस उभा होता, ऊन नितळ होतं, आणि मागं बसलेली सिंधू काहीतरी गुणगुणत होती. माहेरच्या सणाला निघाल्यासारखं तिचं सगळं चाललं होतं. फाट्यावर तिनं स्कूटर लावायला सांगितली.

जुन्या गावावर वेडी बाभूळ माजली होती. मधून मधून काळ्या दगडांचे ढीग, एखादा वाकलेला लोखंडी खांब, पाखरं. वाट अशी कुठंच नव्हती. पण सिंधू चालायला लागली ती कधी उजवीकडं वळत, कधी डावीकडं, आणि एका जागी, जिथं काहीच नव्हतं, तिथं बाजूला होऊन कुणाला तरी वाट दिल्यासारखी थांबली. शिवशंकरच्या लक्षात आलं की ती गल्ल्यांमधून चालतेय. तो तिच्या पावलांवर पाऊल ठेवत गेला. दुसरीकडं पाऊल टाकायला त्याला कसंतरी होत होतं.

लांबून एकसारखा आवाज येत होता. रस्त्यावर उसाचे ट्रक असतील, असं तो मनाशी म्हणाला. कारखाना अजून सुरू व्हायचा होता, हे त्याला माहीत होतं, पण तरी तो तसंच म्हणत राहिला.

मग बाभळी संपल्या.

समोर एका घराएवढी जागा होती आणि तिथं एकही दगड नव्हता. चारही बाजूंना ढिगारे, आणि मधोमध पांढरी वाळू, सपाट, सारवल्यासारखी. ऊन तिच्यावरून डोळ्यांत येत होतं. पलीकडच्या टोकाला कडुलिंब होता आणि मावळतीकडून वारा येत होता, गार, ओलसर, त्याच्या ओठांवर खारट लागणारा.

"हे कुणी आणून टाकलं?"

"टाकलं न्हाई कुणी. इथंच हाय."

"सिंधू, आपण परत जाऊ."

तिनं चपला काढल्या. वाळूच्या कडेला आल्यावर तिनं मान खाली घातली, कमरेत जरा वाकली, आणि बुटक्या दारातून आत जातात तशी एक पाय पुढं टाकायला निघाली. शिवशंकरनं तिचं मनगट धरलं.

तिनं हात ओढला नाही. वाकलेल्या अवस्थेतच तिनं वळून त्याच्याकडं बघितलं. आठ वर्षांत तिनं त्याच्याकडं असं सरळ बघितलं नव्हतं.

"त्या वेळी अडवलंत," ती म्हणाली. "मी काही बोलले का? जगले. तुमच्या पोरांच्या भाकरी थापल्या. आता नका अडवू."

"तू असतीस तर..."

"ठाऊक हाय मला. म्हणून तर बोलले न्हाई."

त्यानं मनगट सोडलं. सोडायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं. बोटंच सैल पडली.

ती आत गेली. मधोमध जाऊन आडवी झाली, एका कुशीवर, हात गालाखाली, आणि दोन-चार श्वासांत गाढ झोपली. शिवशंकर कडेच्या दगडावर बसला. तिची छाती खालीवर होताना त्याला दिसत होती. ती जिवंत आहे, झोपली आहे, ऊन आहे, दुपारचे साडेबारा वाजले आहेत. एवढं तो मनात पुन्हा पुन्हा मोजून घेत होता.

तेव्हा सिंधूच्या पाठीमागची वाळू दबली.

वारा नव्हता तो. झोपेत कुणी कूस बदलली की गादी जशी एकीकडं खाली जाते आणि दुसरीकडं उचलते, तशी ती दबली, लांबीला लहान मुलाएवढी. मग तो खळगा हळूच सिंधूच्या पाठीला येऊन चिकटला. झोपेतच सिंधूनं हात मागं नेला आणि तिथं थोपटलं.

६

उन्हं कलल्यावर ती उठली, साडी झटकली, वाकून बाहेर आली आणि चपला घातल्या. घरी येऊन तिनं पिठलं केलं. त्या दिवसापासून ती आतल्या खोलीत झोपायला लागली, छताकडं न बघता.

आठवड्यानं नबील स्वतः घरी परवाना घेऊन आला. शिक्का मारलेला, दोघांची नावं असलेला. सिंधूनं तो हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"इतकं लांब कशाला जायचं आता?" ती म्हणाली. "नबीलभाऊ, चहा घेऊन जा."

"सर, क्यान्सल करू का?" नबीलनं अंगणात आल्यावर हळूच विचारलं.

"कर."

"तब्येत तर बरी हाय न्हवं वहिनींची?"

"चांगली आहे," शिवशंकर म्हणाला, आणि ते खरंच होतं.

त्यांचं रविवारचं जाणं मात्र सुरू राहिलं. ती आत झोपायची, तो कडेच्या दगडावर बसायचा. वाळूवर त्यानं कधी पाऊल ठेवलं नाही. वह्या तपासायला घेऊन जायचा, म्हणजे खाली बघायला काहीतरी असायचं. तरी कधी कधी नजर जायची. मग सिंधूच्या उजवीकडं एक खळगा दिसायचा, डावीकडं दोन, आणि पुन्हा बघितलं की नुसती वाळू. तो वही पुढं ओढायचा. ती खूश होती. तिच्या केसांना तेल होतं, हातात बांगड्या होत्या. एका क्लास चालवणाऱ्या माणसानं बायकोच्या सुखासाठी आठवड्यातून चार तास दगडावर बसावं, यात भिण्यासारखं काय होतं?

दिवाळी झाली. कार्तिकातला पहिला रविवार होता, आणि ऊन छान कोवळं होतं. शिवशंकरनं एक वही संपवली, दुसरी घेतली आणि पाय लांब करताना त्याच्या पायाला काहीतरी लागलं.

दगडाशेजारी पितळेचा तांब्या होता. त्यावर पालथं फुलपात्र ठेवलेलं. तांब्या घासूनपुसून लख्ख, आणि गळ्यापर्यंत भरलेला.

सिंधू मधोमध झोपली होती. वाळूवर तिची जातानाची पावलं होती, दुसरी कुणाची नव्हती.

शिवशंकरला त्या घरातलं सगळं आठवलं. लग्नानंतर तो चार-पाच वेळाच तिथं गेला असेल. जावई दारात आला की सासू पितळेचा तांब्या आणून ठेवायची आणि मागं सरकायची. सासरे ओसरीवर नुसते बसून राहायचे. जावई पाणी पिईपर्यंत त्या घरात त्याच्याशी कुणी बोलत नसे, खुशालीसुद्धा विचारत नसे; आणि पाणी न पिता जावई उठला तर तो त्या घरावर कायमचा रुसला, असं समजत.

किती रविवार तो असाच दारात बसला होता? आणि ती माणसं आत गप्प होती.

त्यानं फुलपात्र उचललं. तांब्यातलं पाणी त्यात ओतताना अर्धं वहीवर सांडलं. पळून जाता आलं असतं. स्कूटर फाट्यावर होती, किल्ली खिशात होती. पण सिंधू झोपेत हसत होती, आणि त्याला एकदम वाटलं की आपण गेलो तर ही उठून आपल्यामागं येईल, निमूट, जशी त्या वेळी पिशवी रिकामी करून स्वयंपाकघरात गेली होती तशी.

तो प्यायला. पाणी गार होतं आणि गोड होतं. त्यानं दुसरं फुलपात्र भरून घेतलं, तेही संपवलं, मग मिशीवरून हात फिरवून ते फुलपात्र तांब्यावर पालथं ठेवलं.

लांबचा तो घासल्यासारखा आवाज थांबला. बाभळीतली पाखरंही थांबली.

आणि शिवशंकरच्या मागं, अगदी खांद्याजवळ, बोलायला सुरुवात करण्याआधी म्हातारी माणसं खाकरतात तसं कुणीतरी हळूच खाकरलं.